भिंत, गवाक्ष आणि कमान : इंग्रजीतील वास्तुवाचक शब्दांचे थर

इंग्रजी शब्दसंग्रहाचे थर आणि इंग्लंडवर झालेल्या स्वाऱ्या यांची सांगड घालण्याची प्रथा जुनी आहे. जॉन वॉलिस याने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात असे नोंदविले होते की, गोठ्यातील जनावरांची नावे जुनी इंग्रजी आहेत आणि पानात वाढलेल्या मांसाची नावे फ्रेंच आहेत. वॉल्टर स्कॉटने १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडी हाच विचार घातला आणि तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांचा आवडता दृष्टान्त होऊन बसला. वास्तुवाचक शब्दांनाही तोच न्याय लावण्यात आला. ‘हाउस’ हे घर जित सॅक्सनांचे, ‘पॅलेस’ आणि ‘मॅन्शन’ हे वाडे जेत्या नॉर्मनांचे. ‘हट’ गरिबाची, ‘कॅसल’ सरदाराचा, असे हे समीकरण होय. ते आकर्षक आहे आणि सर्वस्वी खोटेही नाही. परंतु इमारतीच्या पायापासून आढ्यापर्यंत एकेका भागाचे नाव तपासून पाहिले, तर हे समीकरण जागोजागी मोडते. ‘हट’ हा शब्दच इंग्रजीत फ्रेंचमधून आणि तोही बऱ्याच उशिरा आला, आणि ‘हॉल’ हे राजाच्या दरबाराचे नाव मात्र अस्सल जुने इंग्रजी आहे. तेव्हा जित आणि जेते यांच्यामधील रेषेपेक्षा निराळी एखादी रेषा या शब्दांतून जाते काय, हा प्रश्न विचारणे प्राप्त होते.

प्रथम जुन्या इंग्रजीतील ‘बांधणे’ या क्रियेचाच विचार करू. त्या भाषेत ‘बांधणे’ याला रूढ क्रियापद होते ‘टिम्ब्रियान’. म्हणजे शब्दशः ‘लाकूडकाम करणे’. आजचा ‘टिंबर’ हा शब्द त्याचाच सगोत्र. या शब्दाचे मूळ ज्या आदिम धातूत आहे त्याच धातूपासून लॅटिनमधील ‘डोमुस’ आणि वैदिक भाषेतील घरवाचक ‘दम’ हे शब्द निघाले. आपल्या ‘दंपती’ शब्दाच्या पोटात, म्हणजे ‘घराचे स्वामी’ या अर्थात, हा ‘दम’ अद्याप जिवंत आहे. लाकूड आणि घर या दोन कल्पना जर्मानिक भाषांत एकमेकींपासून विलग झालेल्या नव्हत्या, एवढे यावरून स्पष्ट दिसते. बीड या इतिहासकाराने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्रजांच्या धर्मेतिहासात सांगितले आहे की, यॉर्क येथे ६२७ साली राजा एडविनच्या बाप्तिस्म्यासाठी घाईने लाकडी चर्च उभारण्यात आले आणि त्याच्याभोवती नंतर मोठे दगडी चर्च बांधण्यास घेण्यात आले. या ग्रंथाचे पुढे जुन्या इंग्रजीत जे भाषांतर झाले, त्यात दगडी चर्चच्या उभारणीलाही ‘टिम्ब्रियान’ हेच क्रियापद वापरलेले आढळते. वस्तू बदलली, क्रियापद बदलले नाही.

दगडाचे काम हे परक्यांचे काम आहे, ही जाणीव त्या काळी स्पष्ट होती. लिंडिसफार्न येथे बिशप फिनान याने जे चर्च बांधले ते दगडाचे नव्हे तर तासलेल्या ओक वृक्षाच्या लाकडाचे आणि बोरूने शाकारलेले होते, असे बीड मुद्दाम नमूद करतो आणि या पद्धतीला ‘स्कॉटांची’, म्हणजे आयरिश परंपरेची, पद्धत म्हणतो. याच्या उलट, बेनेडिक्ट बिस्कप याने ६७४ साली मंकवेअरमथ येथे मठ स्थापन केला, तेव्हा ‘रोमन पद्धतीचे’ दगडी चर्च बांधण्यासाठी त्याने समुद्रापलीकडील गॉल देशातून गवंडी आणवले आणि पुढे काच करणारे कारागीरही तेथूनच बोलावले. ही घटना १०६६ च्या नॉर्मन स्वारीपूर्वी जवळजवळ चारशे वर्षांची आहे. येथे कोणी कोणास जिंकलेले नव्हते. कारागीर आले आणि त्यांच्याबरोबर कारागिरी आली.

रोमन साम्राज्याशी जर्मानिक टोळ्यांचा जो संबंध युरोपच्या भूमीवर आला, त्यातून याहूनही आधी काही शब्द त्यांच्या भाषांत शिरले होते. ‘स्ट्रीट’ हा लॅटिन ‘स्ट्राटा’पासून, म्हणजे फरसबंद रस्त्यापासून, ‘टाइल’ हा ‘टेगुला’पासून, ‘चॉक’ हा चुनखडीवाचक ‘काल्क्स’पासून, ‘किचन’ हा ‘कोक्विना’पासून आला. या सर्वांत ‘वॉल’ या शब्दाची कथा विशेष बोधक आहे. लॅटिन ‘वाल्लुम’ म्हणजे तटबंदी, छावणीभोवतीचा मेढेकोट. त्यापासून जुन्या इंग्रजीत ‘वॉल’ आला तो प्रथम तटासाठी, गावकुसासाठी. घराच्या भिंतीला ‘वाग’ असा निराळा देशी शब्द होता. जर्मन भाषेत भिंतीसाठी आजही दोन शब्द आहेत : ‘माउअर’ हा लॅटिन ‘मूरुस’पासूनचा, दगडविटांच्या भिंतीचा, आणि ‘वांट’ हा, ज्याचा संबंध वळणे-विणणे या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. कारण ती भिंत मुळात काटक्या विणून, त्यांवर माती लिंपून केलेली होती. कोकणातील कारवीच्या काठ्यांचा कूड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा फरक निराळा समजावून सांगावयास नको. मराठीनेही ‘कूड’ आणि ‘भिंत’ हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. इंग्रजीने मात्र ‘वाग’ टाकून दिला आणि किल्ल्याच्या तटासाठी घेतलेला शब्द निजावयाच्या खोलीच्या भिंतीलाही दिला.

एकाच मुळापासून निघालेले देशी आणि उसने शब्द कसे शेजारी नांदतात, याचे उदाहरण छपरावर सापडते. ‘थॅच’ म्हणजे गवताची शाकारणी. हा शब्द अस्सल जर्मानिक आणि त्याचा मूळ अर्थ नुसता ‘छप्पर’ असा. ‘टाइल’ म्हणजे कौल. हा लॅटिनमधून आलेला. पण दोहोंच्या मुळाशी ‘झाकणे’ या अर्थाचा एकच आदिम धातू आहे आणि संस्कृतमधील ‘स्थगति’ हे रूप त्याच कुळातील मानले जाते. गवताचे छप्पर घरचे राहिले आणि कौलांचे बाहेरून आले, एवढाच दोघांतील भेद.

खिडकीच्या बाबतीत तर लॅटिनही नाही, फ्रेंचही नाही. तेथे उत्तरेकडील वायकिंगांची भाषा आली. ‘विंडो’ हा जुन्या नॉर्समधील ‘विंडाउगा’, म्हणजे ‘वाऱ्याचा डोळा’. जुन्या इंग्रजीत ‘डोळ्याचे भोक’ आणि ‘डोळ्याचे दार’ अशा अर्थाचे दोन सामासिक शब्द होते. ते दोन्ही मागे पडले आणि तेराव्या शतकाच्या आरंभी हा ‘वाऱ्याचा डोळा’ लेखनात दिसू लागला. फ्रेंचमधून आलेला ‘फेनेस्टर’ त्याच्या शेजारी काही शतके वावरला आणि अखेर सोळाव्या शतकात निघून गेला. म्हणजे या एका जागी विजयी नॉर्मनांची भाषा हरली. संस्कृतात ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा आणि ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट. नॉर्स शब्दात या दोन्ही कल्पना एकत्र आल्या आहेत. हे साम्य अर्थातच उसनवारीचे नव्हे. काच नसलेल्या, धूर बाहेर जावा म्हणून भिंतीत वा छपरात ठेवलेल्या भोकाकडे पाहणारा मनुष्य गोदावरीकाठी असो की नॉर्वेत असो, त्याला सुचणारी उपमा तीच असते.

आता १०६६ कडे वळावयास हरकत नाही. ‘कॅसल’ या शब्दाचा इतिहास या वर्षाच्या आधीच सुरू होतो. लॅटिन बायबलमधील ‘कास्टेल्लुम’ या शब्दाचे रूपांतर जुन्या इंग्रजीत ‘कास्टेल’ असे झाले होते, पण तेथे त्याचा अर्थ ‘गाव’ एवढाच होता. अँग्लो-सॅक्सन बखरीत मात्र १०५१ च्या घडामोडींच्या वृत्तान्तात, एडवर्ड राजाच्या आश्रयाला आलेल्या परदेशीयांनी हेरफर्डशायरमध्ये एक ‘कास्टेल’ उभारल्याची आणि आसपासच्या लोकांचा छळ मांडल्याची तक्रार येते. हा अक्षरांनी जुना पण अर्थाने नवा शब्द होय. गावाभोवती सर्वांच्या रक्षणासाठी असलेला ‘बुर्ह’ इंग्रजांना ठाऊक होता. एका सरदाराची एकट्याची गढी त्यांना ठाऊक नव्हती. शब्दाच्या मागे येथे नवी समाजव्यवस्था उभी आहे, आणि या उदाहरणापुरते स्कॉटचे समीकरण बरोबर आहे असेच म्हटले पाहिजे.

त्याच बखरीत १०९७ सालाखाली जी नोंद आहे ती भाषेच्या अभ्यासकाने पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. लंडनच्या कामासाठी ज्या परगण्यांवर वेठ बसविण्यात आली होती त्यांचे हाल त्या नोंदीत सांगितले आहेत. कामे तीन : ‘टूर’च्या भोवतीची ‘वॉल’, पुराने जवळजवळ वाहून गेलेला पूल, आणि वेस्टमिन्स्टर येथील राजाचा ‘हॉल’. ‘टूर’ म्हणजे आजचा ‘टॉवर ऑफ लंडन’. त्या शब्दाच्या या रूपावर फ्रेंचची छाया आहे. ‘वॉल’ हा रोमनांकडून आलेला, ‘ब्रिज’ आणि ‘हॉल’ हे देशी. राजा फ्रेंच बोलणारा, वास्तू त्याच्या वैभवासाठी. पण दरबाराच्या दालनाला नाव मात्र ‘हॉल’. वेठबिगारांची भाषा येथे टिकली हे खरे. तथापि त्याहून महत्त्वाचे कारण असे की, हॉल ही संस्था इंग्रजांकडे आधीपासून होती आणि नॉर्मनांना तिची गरज होती. ‘बाउअर’ हा आतील खाजगी खोलीचा शब्द मात्र ‘चेंबर’ने हुसकून लावला आणि त्याला काव्यातील लताकुंजात जाऊन राहावे लागले.

कमानीच्या शब्दांत या संक्रमणाचा एक सुंदर अवशेष लंडन शहराच्या मध्यभागी शिल्लक आहे. जुन्या इंग्रजीत कमानीला ‘बोगा’ म्हणत, म्हणजे धनुष्य; आजचा ‘बो’. लंडनमधील सेंट मेरीचे चर्च अकराव्या शतकाच्या अखेरीस दगडी कमानींच्या तळघरावर उभारले गेले, म्हणून त्याचे नाव ‘सेंट मेरी-ल-बो’ पडले. या चर्चमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपचे न्यायालय भरत असे. त्याचे नाव ‘कोर्ट ऑफ आर्चेस’. कमान एकच, बाजारातले लोक तिला ‘बो’ म्हणत, वकील ‘आर्च’ म्हणत, आणि दोन्ही नावे आजतागायत राहिली. सामान्य भाषेत मात्र ‘आर्च’ जिंकला. मराठीत हाच प्रवास फारसीच्या वाटेने झाला : ‘कमान’ म्हणजे फारसीत धनुष्यच, आणि नक्षीदार कमानीला ‘महिरप’ हा शब्दही मशिदीच्या मिहराबावरून आला.

येथवरच्या विवेचनात शब्दांची देवाणघेवाण घडविणाऱ्या कारागिरांचा उल्लेख ओघाने आला. आता त्यांच्याकडे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधील बांधकामाचे हिशेब बव्हंशी लॅटिनमध्ये लिहिलेले आहेत. एल. एफ. सॉल्झमन यांनी १५४० पर्यंतच्या इंग्लंडमधील बांधकामावर १९५२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा हिशेबांचा प्रचंड साठा वापरला आहे. तो चाळताना एक गोष्ट तत्काळ नजरेत भरते. कारकुनाला लॅटिन येते तोवर वाक्य लॅटिनमध्ये चालते. तुळई, वासा, खुंटी, फळी यांचे नाव आले की लेखणी अडखळते आणि इंग्रजी किंवा फ्रेंच शब्द तसाच्या तसा, कधी त्याच्यामागे फ्रेंच ‘ल’ जोडून, लिहिला जातो. कामाच्या जागी तीन भाषा चालत होत्या आणि प्रत्येकीचे क्षेत्र ठरलेले होते. हिशेबाची लॅटिन, धन्याची फ्रेंच, आणि हातोड्याची मिश्र.

ही मिश्र भाषा कशी होती? लाकडी सांगाड्याचे शब्द घेतले तर ‘बीम’ (मूळ अर्थ झाड), ‘राफ्टर’, ‘सिल’, ‘स्टड’, ‘बोर्ड’, ‘रूफ’ हे सर्व देशी आहेत. ‘पोस्ट’ लॅटिनमधून आला, पण तोही नॉर्मनांच्या पूर्वी. फ्रेंचमधून ‘जॉइस्ट’ आणि ‘प्लँक’ एवढे थोडे. याच्या उलट दगडी कामाचे शब्द पाहावेत : ‘आर्च’, ‘व्हॉल्ट’, ‘पिलर’, ‘कॉलम’, ‘लिंटेल’, ‘जॅम’ (म्हणजे दाराचा पाय), ‘कॉर्बेल’ (म्हणजे छोटा कावळा), ‘गार्गॉइल’ (म्हणजे घसा), ‘मॉर्टर’, आणि खुद्द ‘मेसन’, हे झाडून सारे फ्रेंचमधून आले. ‘स्टोन’ आणि ‘लाइम’ ही कच्च्या मालाची नावे तेवढी देशी राहिली. तेव्हा या शब्दांतून जाणारी खरी रेषा राजवाडा आणि झोपडी यांच्यामधून जात नाही. ती लाकूड आणि दगड यांच्यामधून जाते. गरिबाच्या घरातील दगडी उंबऱ्यावरचा ‘लिंटेल’ फ्रेंच आहे आणि राजाच्या दरबाराच्या छपरातील ‘बीम’ इंग्रजी आहे. रिचर्ड दुसरा याच्या कारकिर्दीत, १३९० नंतरच्या दशकात, वेस्टमिन्स्टर हॉलवर ह्यू हर्लंड या सुताराने जे विशाल ओकचे छप्पर चढविले, ते राजाचे होते, आणि त्याचे मुख्य अवयव ज्या शब्दांनी ओळखले जात त्यांतील बहुतेक सॅक्सन शेतकऱ्यालाही कळले असते.

या रेषेला एक अपवाद आहे आणि तो दडवून चालणार नाही. सुताराला जुन्या इंग्रजीत ‘ट्रेओवुर्हता’, म्हणजे ‘झाडाचा कर्ता’, असा शब्द होता. तो जाऊन ‘कार्पेंटर’ आला, आणि हा फ्रेंच आहे. त्याचे मूळ गाडे बनविणाऱ्याच्या लॅटिन नावात आहे. म्हणजे लाकडाचे शब्द देशी राहिले, पण लाकूडकाम करणाऱ्याचे नाव बदलले. याचे कारण हातोड्याच्या भाषेत नसून मजुरी ठरविणाऱ्यांच्या भाषेत शोधावे लागते. १३४८-४९ च्या महामारीनंतर मजूर दुर्मिळ झाले आणि मजुरी चढली, तेव्हा १३५१ च्या मजूर-कायद्याने दर बांधून दिले : मुख्य सुताराला दिवसाला ३ पेन्स, इतर सुतारांना २, ‘फ्री-स्टोन’, म्हणजे कोणत्याही बाजूने घडविता येणाऱ्या एकजिनसी दगडाच्या मुख्य गवंड्याला ४ पेन्स, इतर गवंड्यांना ३. कायद्याची भाषा फ्रेंच होती. जेथे माणसाची नोंद, त्याची मजुरी आणि त्याची शिक्षा फ्रेंचमध्ये लिहिली जाते, तेथे त्याच्या धंद्याचे नावही फ्रेंच होते. ‘फ्री-मेसन’ या शब्दाचा उगमही बहुधा या दगडाच्या नावातच आहे. पुढे त्याभोवती गुप्त मंडळांची जी पुराणे रचली गेली त्यांच्याशी प्रस्तुत विषयाला कर्तव्य नाही.

गवंड्यांच्या आपापसातील भाषेचे दर्शन घडविणारा एक दुर्मिळ पुरावा ब्रिस्टल शहरातून मिळतो. विल्यम वुस्टर हा जिज्ञासू गृहस्थ १४८० साली तेथे गेला असता त्याने सेंट स्टीफनच्या चर्चच्या दक्षिण द्वारमंडपाचे काम करणाऱ्या गवंड्याकडून दगडावरील घडणीच्या एकेका वळणाचे नाव विचारून आपल्या वहीत उतरवून घेतले. ‘केसमेंट’, ‘बाउटेल’, ‘फिलेट’, ‘रेसाँट’ अशी ती नावे आहेत. आज ‘केसमेंट’ म्हटले की खिडकीचे झडप आठवते. त्या गवंड्याच्या तोंडी ते दगडात खोल कोरलेल्या पन्हळीचे नाव होते. केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस यांनी १८४४ मध्ये मध्ययुगीन वास्तुपरिभाषेवर जो प्रबंध लिहिला, त्यात अशाच कागदपत्रांतून खरे धंद्याचे शब्द गोळा केले. विलिस यांना हा खटाटोप का करावा लागला? कारण त्यांच्या काळापर्यंत गवंड्यांची परंपरा तुटली होती आणि तिच्या जागी पंडितांनी बनविलेली परिभाषा आली होती.

ही परंपरा तुटण्याचा आरंभ सोळाव्या शतकात होतो. जॉन शूट याला १५५० साली नॉर्थंबरलंडच्या ड्यूकने इटलीला धाडले; त्याचे पुस्तक १५६३ मध्ये निघाले. इंग्रजीत छापलेले वास्तुकलेवरील हे पहिले पुस्तक होय. मुखपृष्ठावर त्याने स्वतःला ‘चित्रकार आणि आर्किटेक्ट’ म्हणवून घेतले आहे. या एका शब्दाने कल्पना करणारा आणि हात चालविणारा यांची फारकत झाली. कँटरबरी येथील चर्च ११७४ मध्ये जळाल्यावर ते पुन्हा उभारणारा सेन्स गावचा विल्यम हा स्वतः पहाडावर, म्हणजे बांधकामाच्या परातीवर, चढून काम पाहत होता आणि ११७८ मध्ये तेथूनच पडून जायबंदी झाला. शूटच्या कल्पनेतील आर्किटेक्टला परातीवर चढण्याचे कारण नव्हते. त्याला व्हिट्रूव्हियस वाचावयाचा होता.

पुस्तकांच्या मार्गाने इटालियन शब्दांचा ओघ सुरू झाला : ‘कॉर्निस’, ‘पिलॅस्टर’, ‘कुपोला’, ‘बाल्कनी’, ‘स्टको’, ‘पिआझा’. हेन्री वॉटन याने व्हेनिसमधील वकिलातीचा अनुभव घेऊन १६२४ मध्ये, आणि जॉन एव्हलिन याने एका फ्रेंच ग्रंथाच्या अनुवादाला जोडलेल्या टिपणात १६६४ मध्ये, ही परिभाषा इंग्रज वाचकांना समजावून दिली. या थराचे स्वरूप ध्यानात येण्यास एकच शब्द पुरेसा आहे. लॅटिन ‘पोर्टिकुस’ इंग्रजीत तीनदा आला. पहिल्यांदा मिशनऱ्यांबरोबर, ‘पोर्टिक’ या रूपाने. तेव्हा तो चर्चच्या बाजूच्या कोठडीला लावला जाई, जीत संतांचे दफन होई. दुसऱ्यांदा फ्रेंचमधून ‘पोर्च’ होऊन. हा दारापुढील आडोसा. तिसऱ्यांदा सतराव्या शतकाच्या आरंभी इटालियनमधून ‘पोर्टिको’ होऊन. ही देवळासारख्या खांबांची रांग. मूळ शब्द एक, पण प्रत्येक वेळी तो निराळ्या लोकांकडून, निराळ्या वस्तूसाठी घेतला गेला. केवळ व्युत्पत्तिकोशावर विसंबणाऱ्याला यातील इतिहास दिसणार नाही.

परंतु पुस्तकी शब्द कारागिराच्या हाती पडल्यावर पुस्तकी राहत नाही. ‘बॅलस्टर’ म्हणजे कठड्याचा उभा दांडा. इटालियनमध्ये हे नाव डाळिंबाच्या रानटी फुलावरून पडले, कारण त्या दांड्याचा फुगवटा कळीसारखा असतो. इंग्रज सुतारांनी सतराव्या शतकातच त्याचे ‘बॅनिस्टर’ करून टाकले आणि आज जिन्याच्या कठड्याला घराघरांत हेच म्हणतात. इनिगो जोन्स याने १६३० नंतरच्या दशकात कोव्हेंट गार्डन येथे इटालियन धर्तीचा चौक रचला आणि त्याच्या कडेने कमानींचा पथ ठेवला. ‘पिआझा’ म्हणजे मधला मोकळा चौक. लंडनकरांनी ते नाव कडेच्या छपरी पथाला देऊन टाकले. पुढे हा चुकीचा अर्थ अमेरिकेत गेला आणि तेथे ओटीलाही ‘पिआझा’ म्हणू लागले. चुकीचा तरी का म्हणावे? पावसाळी देशात ज्या भागाचा उपयोग होतो त्याला नाव मिळाले, इतकेच.

लंडन १६६६ साली जळाले. पुढील वर्षीच्या पुनर्बांधणीच्या कायद्याने बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्या असाव्यात असे ठरविले आणि घरांचे चार वर्ग पाडून त्यांचे मजले व भिंतींची जाडी निश्चित केली. ‘ब्रिक’ हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या पूर्वी जवळजवळ नाही; तोवर विटेलाही ‘टाइल’च म्हणत. दोन-अडीच शतकांत हा पाहुणा शब्द कायद्याने सक्तीचा झाला. जोसेफ मॉक्सन याने १६७७ पासून हप्त्याहप्त्याने काढलेल्या हस्तव्यवसायांवरील पुस्तिकांत आणि रिचर्ड नीव्ह याने १७०३ च्या आपल्या बांधकाम-कोशात कामगारांचे शब्द नोंदले. हे पंडितांचे नव्हे तर धंद्याचे कोश आहेत आणि त्यांचे मोल एव्हलिनच्या टिपणाहून अधिक आहे.

एकोणिसाव्या शतकात पंडितांची सरशी झाली. ‘गॉथिक’ हा शब्द इटलीतील पुनरुज्जीवनवाद्यांनी शिवी म्हणून रूढ केला होता. गॉथ टोळ्यांचा त्या वास्तुशैलीशी काहीएक संबंध नव्हता. लिव्हरपूल येथे पेढीवर हिशेबाचे काम करीत असलेल्या टॉमस रिकमन याने १८१७ मध्ये या शैलीचे कालक्रमाने भाग पाडले आणि त्यांना ‘अर्ली इंग्लिश’, ‘डेकोरेटेड’ व ‘पर्पेंडिक्युलर’ ही नावे दिली. त्यांच्या आधीच्या अर्धवर्तुळ कमानींच्या शैलीला ‘नॉर्मन’ म्हटले. ही नावे दोन शतके टिकून आहेत. पण ज्यांनी ती चर्चे बांधली त्यांना यांतील एकही नाव ठाऊक नव्हते. ‘ट्रायफोरियम’चे उदाहरण तर अधिकच विलक्षण आहे. बाराव्या शतकातील गर्व्हेस या मठवासीयाने कँटरबरीच्या एकाच चर्चमधील एका वरच्या मार्गिकेला हा लॅटिन शब्द वापरला होता. पुढच्या पुराणवस्तुज्ञांनी तो उचलला, ‘तीन दारांचा’ अशी त्याची व्युत्पत्ती कल्पिली आणि साऱ्या युरोपातील चर्चांच्या त्या जागेला तो चिकटवून दिला. विलिस यांचा रोष होता तो अशा प्रकारांवर. इतिहासलेखनाच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा वाद नाही. पंडितांनी मागाहून दिलेल्या नावावरून पूर्वीच्या कारागिराच्या मनातील वर्गवारी ठरवू लागलो, तर पुरावा म्हणून आपण आपल्याच पूर्वग्रहाकडे बोट दाखवीत असतो.

रिकमनच्या परिभाषेचे वारे मुंबईपर्यंत पोहोचले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात पाऊल न ठेवता मुंबई विद्यापीठासाठी आराखडे केले आणि त्यांतील राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. २०१८ साली फोर्ट भागातील या इमारतींची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, ती ‘व्हिक्टोरियन गॉथिक’ याच नावाने. शिवीचे बिरुद झाले.

तथापि या व्यवहारात शब्द उलट दिशेनेही गेले. ‘बंगलो’ हा ‘बंगाली धाटणीचे घर’ या अर्थाच्या हिंदुस्थानी शब्दापासून सतराव्या शतकातील कंपनीच्या दप्तरांत शिरला. तेथे त्याचा अर्थ शाकारलेली हंगामी खोपटी एवढाच होता. १८७० च्या सुमारास केंटच्या किनाऱ्यावर वेस्टगेट व बर्चिंग्टन येथे या नावाची पहिली हवाशीर घरे उठली. कवी रोझेटी १८८२ मध्ये वारला तो बर्चिंग्टनच्या अशाच एका घरात. आज इंग्लंडमध्ये ‘बंगलो’ म्हणजे एकमजली घर. मराठीत ‘बंगला’ दुमजली-तिमजलीही असतो, मात्र तो स्वतंत्र आणि सधनाचा असावा लागतो. ‘व्हरांडा’ या शब्दाचे श्रेय पुष्कळदा भारतीय भाषांना देण्यात येते; परंतु वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या पोर्तुगीज वृत्तान्तात आणि पेद्रो द आल्काला याच्या १५०५ च्या स्पॅनिश-अरबी कोशात तो आढळतो, ही गोष्ट ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाच्या संपादकांनी १८८६ मध्येच दाखवून दिली आहे. आयबेरियातून भारतात आणि भारतातून इंग्रजीत, हीच त्याची वाट दिसते.

पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी ठेवून दिलेले शब्दही राजदरबाराचे नसून पहाडावरचे आहेत : ‘मिस्त्री’ आणि ‘घमेले’. त्यांच्या खालचा थर फारसी-अरबीचा, ‘इमारत’, ‘मजला’, ‘दालन’ यांचा. आणि सर्वांत तळाशी ‘खांब’, ‘वासा’, ‘आढे’, ‘पाखे’ ही लाकडी सांगाड्याची देशी नावे. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम कामगार तयार करणारा वर्ग सुरू झाला. अशा शिक्षणातून आणि सरकारी कामांतून ‘प्लिंथ’, ‘लिंटेल’, ‘बीम’, ‘कॉलम’ हे शब्द गवंड्याच्या तोंडी गेले आणि ‘जोते’, ‘तुळई’ यांच्या शेजारी बसले. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटबरोबर ‘स्लॅब’ आला. त्याला देशी प्रतिशब्द नव्हता, कारण वस्तूच नव्हती. माळवद आणि धाबे या निराळ्या गोष्टी. पण क्रियापद मराठीच राहिले : स्लॅब ‘टाकतात’ किंवा ‘पडतो’, आणि कामावरचे लोक इमारत किती वर गेली हे मजल्यांनी न सांगता ‘तिसरा स्लॅब पडला’ असे सांगतात.